हात न धुता

पहाटे चारला धुरीघरातून सुटते आउस्मा.
लिएपायाच्या बंदरावर तेव्हा
बर्फही नसतो, पाऊसही नसतो,
दोघांच्या मधलं काहीतरी
कॉलरच्या आत शिरत असतं.
पहिल्या ट्रामला अजून तासभर. चालतच येते.

घरी आल्यावर पहिलं काम ठरलेलं:
लिंबाची फोड, भरड मीठ, खरखरीत ब्रश.
नखांच्या कडांतून मासा काढायचा,
मग धूर, मग पुन्हा मासा.
एवाल्ड्सला हा वास खपायचा नाही.
एवाल्ड्स जाऊन सहा हिवाळे झाले.
लिंबं ती अजून आणतेच.

तीन दिवस झाले,
किलावा दारात आडवी गेलेली नाही.
(बोटभर माशाचं नाव, बोटभर असतानाच ठेवलेलं.)
कपाटामागे शिंकते.
पाच, सहा, सात, आउस्मा मोजते,
आठवी येता येता अडकते.
ते अडकणं ऐकवत नाही.

मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणतात.
हिचे मिटलेत ते चिपडांनी,
आणि वाटीतल्या दुधावर साय धरलीय.

इल्वा डॉक्टरीण मुलीच्या वयाची.
छातीला नळी लावून बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, सर्दीच आहे तशी,
पण मांजराचं पोट नाकापासून सुरू होतं, बाई.
वास नाही तर भूक नाही.
वाफ द्या. ऊब द्या. जेवण कोमट करून द्या.
माणसांची गोळी, अर्धीसुद्धा, नको.
उद्या सकाळपर्यंत तोंड लावलं नाही
तर दवाखाना उघडायची वाट बघू नका,
मागच्या दाराची घंटा वाजवा.

म्हणून न्हाणीघर.
गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडलेला,
मीटर फिरतंय, फिरू दे.
आरसा आधी कडांनी गेला, मग मधून.
आउस्मा टबाच्या काठावर,
मांडीवर टॉवेल, टॉवेलात किलावा,
आणि ओल्या काडेपेटीवर कुणी काडी ओढावी
तसा तिचा श्वास.
ओढली. नाही पेटली. ओढली.

कापूस कोमट पाण्यात बुडवून
डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला.
दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा.
किलावाने पंजा उगारला, नखं मात्र काढली नाहीत.
एवढीही ताकद नाही, की एवढी माया,
हे त्या वाफेत कळायला मार्ग नव्हता.

शेवटच्या आठवड्यात एवाल्ड्सलाही
कशाचीच चव लागत नव्हती.
एका संध्याकाळी तिचा हात हातात घेऊन म्हणाला,
धुतलेस का गं आज? मला कळत नाहीये.
ती म्हणाली, हो.
खरंच धुतले होते.
तेच तर.

आज पहाटे ती आली,
कोट काढला, नळापर्यंत गेली,
लिंबाला हात लावला, आणि परत फिरली.
बिनमिठाचा उकडलेला कॉड
पातेल्यात जरा शेकला, काट्याने कुस्करला,
आणि तो तसाच बाजूला ठेवून
आधी स्वतःचा तळवा धरला
कपाटामागच्या अंधारात.

रात्रभराच्या नऊशे पेट्या त्या तळव्यात,
एल्डरच्या लाकडाचा धूर,
खवले, खारं पाणी, रबरी मोजे,
तीस वर्षं घासून न गेलेलं सगळं.

गुडघे दुखायला लागले.
खाली पहिली ट्राम गेली, कपबशा वाजल्या.
मग अंगठ्याला काहीतरी लागलं:
कोरडं, खरखरीत,
तिच्या ब्रशाहून थोडं मऊ.

तीन घास. चौथा हुंगून सोडला.
मग किलावाने मान मागे घेतली
आणि आठवी शिंक
आउस्माच्या थेट तोंडावर.

तिने बाहीने गाल पुसला.
घड्याळ पाहिलं. सहा दहा.
मागच्या दाराची घंटा
आज तरी नको असेल बहुतेक.
आणखी एक घास तिने बोटावर घेतला
आणि तिथेच, फरशीवर,
कपाटाला टेकून बसून राहिली.